शिट्टीच्या आधी

लहानपणाचा साक्षीदार लागतो, झरीन मॅडम फोनवर म्हणाल्या,
म्हणून वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी
मी आईला घेऊन हिंदू कॉलनीत आले,
तिसरी गल्ली, दुसरा मजला.
आई पायऱ्या मोजत चढली. छत्तीस.
मीही. छत्तीस.

खोलीतली ट्यूब मॅडमनी आधीच बंद करून ठेवलेली.
हे माझ्याच लक्षात आलं, आईच्या नाही,
असं मला वाटलं.

प्रश्न माझ्याबद्दलचे, पण मला नाहीत.
मी ओढणी बोटाला गुंडाळत, सोडवत, गुंडाळत
आपल्याच बारशाला उशिरा पोचल्यासारखी.

आवाजाचा त्रास व्हायचा का हिला?
छे, अजिबात नाही. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी
मी हाक मारायचे ना, हेमांगी, होतेय गं!
की ही गॅलरीत.
मॅडमचं पेन थांबलं. किती वर्षं?
लग्न होईपर्यंत. म्हणजे तेवीसेक.

कपड्यांचं काही?
काही नाही हो. गुणी पोर.
लेबलं मी ब्लेडने उसवायचे, नवा फ्रॉक सात वेळा धुवायचे,
मग निमूट घालायची.

खाण्याचं?
सगळं खायची. भात वेगळा, आमटी वेगळी,
सुरमई तिसऱ्या ताटलीत.
एकाने दुसऱ्याला शिवायचं नाही, एवढंच.

मैत्रिणी?
होती की, तळमजल्यावरची भागीरथी!
भागीरथीबाई तेव्हा एकावन्न वर्षांच्या.
त्या पापड लाटायच्या, मी चळती मोजायचे.
चार वर्षांत मिळून आम्ही
एखाद्या दुपारभर बोललो असू.

कधी खूप आरडाओरडा, स्वतःला मारून घेणं?
आई गप्प.
मग म्हणाली, एकदाच. तिसरीत होती.
आमच्या विक्रोळीच्या वसाहतीत नंबरांचा मेळ नव्हता,
चौऱ्याऐंशीच्या शेजारी एकशे बारा.
हिला ते सोसवेना. कठड्यावर डोकं आपटत राहिली.
तीन दिवस.
चौथ्या रात्री मी खाली उतरले, चुन्याचा डबा घेऊन,
आणि शेजारच्या भिंतीवर पंच्याऐंशी लिहिलं.

हे मला ठाऊकच नव्हतं.
मला वाटत होतं, कुणी साहेब आला
आणि चूक सुधारून गेला.
त्याच भरवशावर मी पुढे
पालिकेच्या नकाशाखात्यात चिकटले.

मॅडम मागची पानं उलटत होत्या,
जिथे जिथे "नाही"वर खूण केली होती
ती एकेक खोडत.
आई घाबरली. माझं काही चुकलं का?
नाही चुकलं, मॅडम म्हणाल्या,
आणि पेन्सिलीला टोक करत बसल्या जरा वेळ.

रिपोर्ट तीन आठवड्यांनी. पंधरा-सोळा पानं असतात म्हणे.
त्यात तो शब्द असेल, किंवा नसेल.
स्वमग्न म्हणतात आपल्यात.
मला तो अंगाला बसत नाही, कुठेतरी टोचतो,
त्याचंही लेबल उसवायला हवं.
स्वतःत कधी होते मी?
मी त्या ट्यूबच्या गुणगुणण्यात होते,
पापडाच्या कडेवरच्या जिऱ्यात,
चौऱ्याऐंशी आणि एकशे बाराच्या मधल्या फटीत.
स्वतःकडे यायला मला
आज टॅक्सी करावी लागली.

खाली नाक्यावर आई म्हणाली, रस घेऊ या.
रसवाल्याने ऊस उचलला.
आईचा हात माझ्या कोपराशी येऊन
दोन बोटं अलीकडे थांबला, नेहमी थांबतो तसा.
घुंगरू वाजेल हं आता.

मी कानांत बोटं घातली.
भर रस्त्यात, पर्स काखेत दाबून, बेचाळीस वर्षांची बाई.
आणि सहज बाजूला पाहिलं, तर
आईचीही बोटं कानांत,
डोळे गच्च मिटलेले.

रसवाला काहीतरी विचारत होता,
बहुतेक बर्फाचं.
दोघींपैकी कुणालाच ऐकू आलं नाही.