साखळी क्रमांक १४/६००

कागदावर हे वळण फारसं वाईट नाही.
त्रिज्या लिहिली आहे, उतार लिहिला आहे,
डांबर सात मीटर, साइडपट्ट्या दीड-दीड,
आणि शेरा: दृष्टी-अंतर अपुरे.
अपुरे हा शब्द मीच लिहिला,
दिंडोरीच्या कार्यालयात, लाइट गेलेली असताना,
डबा खाऊन झाल्यावर.

पहाटे पाचला इथे उभं राहिलं
की त्या शब्दाला आवाज येतो.
पिंपळगावला टोमॅटो उतरवून
रिकामे क्रेट खडखडवत परतणारे पिकअप,
चालक दोन रात्रींचा जागा.
आणि समोरून, पेठकडून,
द्राक्षाच्या विरळणीला निघालेल्या बायका,
एका गाडीत बावीस,
मांडीवर फडक्यात बांधलेली नागलीची भाकर.
दोघांना एकमेकांचे दिवे दिसतात तेव्हा
मधे उरतं ते माझं अपुरे.

निधीला निकष असतो.
पाचशे मीटरच्या आत, इतक्या वर्षांत, इतके मृत्यू.
आमचा एक कमी पडला.
जखमी होऊन नंतर गेलेलं माणूस धरता येईल का, मी विचारलं.
वरून उत्तर: पुराव्यासह सादर करावे.
तीन दिवस मी नाशिकला, सिव्हिलच्या रजिस्टरात
एक मेलेली बाई शोधत होते.
चौथ्या दिवशी सापडली.
यमुना लहानू भोये, वय एकतीस.
सापडली, आणि मला बरं वाटलं.
हे बरं वाटणं
कुठल्या लेखाशीर्षाखाली टाकू?

अंदाजपत्रक एकसष्ट लाखांचं गेलं,
परत आलं ते एकोणीस होऊन.
साहेब म्हणाले, मार्चच्या आत खर्ची टाका,
नाहीतर तेही जातील.
मग लाल पेन.
सौर ब्लिंकर चाराचा एक.
मोरीचं रुंदीकरण पुढच्या वर्षी.
बायका उतरतात तिथला थांबा: तूर्त वगळावा.
क्रॅश बॅरियर दोनशे मीटरचं ऐंशी.
कुठले ऐंशी, ते कुणी सांगत नाही.
ओढ्याकडे लावलं तर विहिरीची बाजू उघडी,
विहिरीकडे लावलं तर ओढा आहेच.
दुपारभर मी पट्टी घेऊन
कोणी पडायचं ते ठरवत बसले.

सावळीराम गांगुर्डे, मैलकुली,
पुढच्या महिन्यात निवृत्त.
वळणावरच्या चिंचेला तीस वर्षं
गेरू, चुना, गेरू.
चिंच अंदाजपत्रकात आहे: वृक्षतोड, एक नग.
सांगितलं तेव्हा तो ब्रश धूत होता, धूतच राहिला.
मग म्हणाला, "ताई, रातच्याला गाड्या हिलाच बघून वळत्यात.
तोडा की. पण तुमचं ते चकाकणारं बसल्यावर तोडा.
आधी नको."
मी ही अट फाइलीत घातली.
सरकारी भाषेत ती अशी काही झाली
की सावळीरामला स्वतःचीच ओळखू आली नसती.

मार्च संपता संपता कॅट-आय बसले, एकशे बारा.
एप्रिलात एक माणूस कार्यालयात आला,
दाराशी चपला काढून उभा.
मला वाटलं, मदतीच्या अर्जाचं काही असेल.
तो म्हणाला, "सदतिसावा लागत नाही."
मला कळेना.
"रात्री मोजत गेलो. पेठच्या बाजूनं धरा.
सदतिसावा लागत नाही."
तक्रारवही पुढे केली.
त्यानं सावकाश, रेघ सोडून सही केली:
लहानू काळू भोये.

त्या रात्री मी गाडी वळणाच्या अलीकडे थांबवली,
दिवे लांबचे केले.
छत्तीस.
मग एवढीशी काळी जागा.
मग पुन्हा सगळे.