दीड इंच

आर्माडा उजवीकडे कललीय, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.
अठ्ठावीस वर्षं एकाच गाडीत बसलं
की तिचा कल हाच सपाटपणा वाटतो.

नाना पेठेत हमीद शिकलगारनं
उकिडवं बसून टेप लावला,
चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत.
आधी डावीकडे. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे.
बोटाचं ग्रीस पँटला पुसत म्हणाला,
"दीड इंच बसलीय, ताई.
चालवणारे वजनदार होते का?"

छे. बाबा म्हणजे छप्पन्न किलो, चष्म्यासकट.
भूजल खात्यात.
सरकारी जीप साहेबांच्या घरी भाजी आणायची,
म्हणून आमचीच गाडी घेऊन
वेल्ह्यापासून जुन्नरपर्यंत विहिरींत टेप सोडत हिंडायचे.
"मग एकटेच फिरले असणार," हमीद म्हणाला,
सहज, यू-बोल्टचा नट ढिला करता करता.

मी चहाचा कप धरून उभी.
कुणी आमच्या घराबद्दल इतकं थोडक्यात
कधी बोललं नव्हतं.

सात पाटे फरशीवर पसरले.
चौथा तडकलेला.
मेन पाट्याच्या डोळ्यातलं बुश
शेंगदाण्याच्या टरफलासारखं चुरलं.
डावीकडची कमान मात्र गंजली तेवढीच,
वाकली नव्हती फारशी.

"तापवून कमान मारून देतो, नाहीतर नवे टाका,
चारही शॉकप गॅसचे घ्या, जन्मभर नाव काढाल."
आकडा ऐकून मी बाबांना फोन लावला.
"मऊ करू नकोस," ते म्हणाले,
"रस्ता कळला पाहिजे."
कण्यात दोन स्क्रू असलेला माणूस
हे आडवं पडून बोलत होता.
मागून आई : "विका ती. विका म्हणावं."

मी नवे टाकले.

धनकवडीच्या पार्किंगमध्ये गाडी उभी राहिली
ती एवढी उंच, की वॉचमन म्हणाला, नवी घेतली?
आईचा पाय काही फूटबोर्डला पोचेना.
दोनदा पदर खोचून बघितलं,
मग वर जाऊन तिनं जेवायचा पाट आणला,
शिसवी, पितळी फुल्यांचा,
त्यावर चपलेनं पाय द्यायला कचरली,
चपला हातात घेऊन चढली.
मागे बसली. कायम मागेच बसायची,
घाटात उलट्या करणाऱ्या मला मांडीवर घेऊन.

बाबा सवयीनं उजव्या दाराशी गेले.
हँडलला हात लावला.
मग बॉनेटवर तळवा टेकत टेकत
वळसा घालून डावीकडे आले.
त्या सीटवर त्यांचे नकाशे बसायचे.

खडकवासला, डोणजे, खानापूर.
मी आरशात आईकडे बघत होते,
प्रत्येक खड्ड्याला मान आखडून घेत होते,
पण गाडी नुसती श्वास घेतल्यासारखी
वर व्हायची, खाली यायची.
बाबा खिडकीबाहेर. बराच वेळ काही नाही. मग,
"रांजणे यायचंय ना अजून?"
"गेलं की, बाबा. मघाशीच."

ते गप्प झाले.
रांजण्याच्या मोरीवर तीन गचके बसायचे,
दोन लहान, एक मोठा,
त्या मोठ्यापासून शंभर पावलांवर त्यांची विहीर,
मे महिन्यात साठ फुटांवर पाणी.
हे त्यांनी मला नंतर सांगितलं, घाट चढताना,
जरा रागानंच.

मागे आईला झोप लागली होती.
या गाडीत तिला झोपलेली
मी पहिल्यांदा पाहिली. बाबांनीही पाहिली,
मान वळवता येत नाही म्हणून
सूर्यझडपेवरच्या आरशातून.

परतताना विचारलं त्यांनी,
हमीद काय म्हणाला शेवटी?
म्हटलं, पाचशे किलोमीटर झाले की
यू-बोल्ट परत आवळायला आणा.
त्यांनी खिशातून पेन काढलं,
पार्किंगच्या पावतीच्या पाठीवर लिहायला लागले :
पानशेत दोनदा, वेल्हे, मढे घाट,
जुन्नर एक मुक्काम धरून.
बेरीज चारशे साठ आली.
थोडं थांबून
त्यांनी रांजणे लिहिलं, पुन्हा.