दिव्याखाली

सॉल्टपॉन्डचा किनारा. दुपारचे बारा.
ताडपत्रीखाली, उपड्या नावेला टेकून
एसी मान्सा आर्कोरफुल बसली आहे.
वय तिच्या हिशेबाने शहात्तर,
रुंद टोपी, पांढऱ्यावर काळ्या नक्षीचं कापड.
म्हणते, काढ.
मेल्यावर भिंतीवर लावायचा फोटो
पोरांच्या भरवशावर ठेवायचा नसतो.

मागे समुद्र नुसता पेटलेला.
कॅमेऱ्याला तेवढाच दिसतो.
टोपीखाली चेहरा नाही,
चेहऱ्याची जागा आहे.

मी बटण दाबते. टक्.
कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश उभा राहतो,
उत्तर येत नसताना वर्गात
हात वर करणाऱ्या पोरासारखा.

“सूर्य पुरत नाही का गं तुला?”
जाळी विणणारे हसतात.
पुरतो, आजी. पुरून उरतो.
पण तो छपरावर बसून बघतो.
टोपीच्या आत डोकवायला
कुणीतरी तुमच्या उंचीचं लागतं.

पहिला फोटो वाया.
डोळे लाल येऊ नयेत म्हणून
फ्लॅश आधी एकदा लुकलुकतो.
तिला वाटलं, झालं,
आणि तिने चेहरा आवरून घेतला.

दुसऱ्यात तिच्या मांडीवर अर्धा काळा चंद्र.
लेन्सला चढवलेलं टोपरं उजेडाच्या वाटेत आलं होतं.
दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच,
बोटांनी मोजावा असा, चार बोटं.
मी लेन्सचं टोपरं उतरवते.
ती तिची टोपी उतरवत नाही.

तिसऱ्यात पिठाची गोणी अंगावर फुटल्यासारखी दिसते.
मासे तळणाऱ्या आबा येन्सुआकडून
कागदी रुमाल मागून आणते,
तेलाचा कोपरा फाडून
दोन घड्या फ्लॅशवर गुंडाळते.
“दिव्यालाही पदर?” आबा विचारते.

आणि हे सांगायला हवं, आजी,
याचा हात तीन पावलांपलीकडे पोचत नाही.
मागे उभा तुमचा थोरला, कोबिना,
तेमाहून काल रात्री आलेला,
नुसता काळा आकार येईल.
“येऊ दे. पैसे पाठवतो,
तोंड कधी दाखवलंय?”

चौथा बरा. पण फ्लॅश आता दम खातोय,
कानाशी डास असावा तशी बारीक शीळ,
पडद्यावर विजेची खूण लुकलुकते, थांब.
थांबले.
तेवढ्यात कोबिना मागून वाकून
तिच्या कानात काहीतरी म्हणाला,
कुठल्याशा बोकडाचं, घर सोडून पळालेल्या,
आणि ती हसली,
उरलेल्या सगळ्या दातांनी,
हात मागे नेऊन त्याचा गुडघा धरून.
मी दाबलं.
दाबलंच होतं.
कॅमेरा मुका.

पाचवा तिने पसंत केला.
पडदा नाकाजवळ धरून बराच वेळ बघत होती.
“डोळ्यांत हे पांढरं काय?”
तो दिवा. त्याच्यामागे मी.
“म्हणजे माझ्या मयताला
माझ्या डोळ्यांत तू बसणार?”
ठरलेल्या पैशांतले दहा सेडी तिने काढून घेतले.
भाडं.

परत निघताना फ्लॅश अंगठ्याने खाली दाबला.
अजून गरम होता.
कोबिना पाण्याकडे तोंड करून
फोनवर कुणाला तरी पोचतो म्हणत होता,
आणि बोकडाचं नाव
मी विचारायचं विसरले.