दातांवरून

सदरलँडच्या पठारावर फेब्रुवारीत
दिवसा दगड तापून तडकतात
आणि रात्री जाड कोट लागतो.
मार्गरीट स्लिंगर्स तो कोट घालून
दुर्बिणीच्या खोलीत बसते, आठवड्यातल्या चार रात्री,
दुसऱ्यांचे तारे दुसऱ्यांसाठी मोजत.

तिचा बाप आपोल्स मेंढ्या कातरतो.
पंचेचाळीस वर्षं, अख्खा कारू, कुंपणामागून कुंपण.
मेंढी गुडघ्यांत धरली की आधी ओठ वर करायचा:
आदत. दोनदाती. चारदाती. सहादाती.
मग जुळलेली. मग झिजलेली, जिला गवतही जड.
संध्याकाळपर्यंत दीडशे तोंडं पाहून झाली
की चहा पिता पिता मालकाला सांगायचा,
"दोन वर्षांमागं तुझ्याकडे पाऊस नव्हता."
मालक चकित. हा तर पहिल्यांदाच आलाय.
"कळपात चारदाती एकही नाही.
जन्मली नाहीत, किंवा जगली नाहीत.
दातांना ते वेगळं सांगता येत नाही."

यंदा तो पहिल्यांदाच डोंगरावर आला.
शेवटचा मैल गाडीचे दिवे मालवून.
आपण ज्याला अगस्ती म्हणतो, तो उंच होता,
आणि त्याच्या बाजूला, नुसत्या डोळ्यांना जिथं काहीच नाही,
तिथं नौतलातली बटू दीर्घिका:
तीन लाखांहून जास्त वर्षं चालून आलेला
थकलेला उजेड.
(समुद्र पिणारा ऋषी शेजारीच उभा,
पण तो आपल्या गोष्टीतला, आणि फार जवळचा.
त्याच्यावर आळ नको.)

मार्गरीटनं पडद्यावर ठिपके दाखवले.
आडवा रंग, उभं तेज.
"निळे लवकर जळून जातात, रांग वरून झिजत येते.
जिथं ती वाकते, तिथं वय."
बाप खुर्ची ओढून जवळ सरकला.
"म्हणजे दात."
"हो. दात."

आधी एक गोल गुच्छ. लाखो तारे, एकच वाक.
"लिलावातून एका दिवसात आणलेला कळप," तो म्हणाला.
मग नरतुरंगातला तो थोरला गुच्छ, जुन्या चित्रातला:
वाक एक नाही, कितीतरी.
"याच्या कानांच्या खुणा बघ. हे एका मालकाचे नाहीत."
कानांऐवजी आम्ही लोह बघतो, ती म्हणाली,
कुणात किती ते. हा बहुतेक गुच्छच नव्हे,
एखाद्या दीर्घिकेचा उरलेला गाभा;
बाकीची आपल्या आकाशगंगेनं ओरबाडून घेतली.
"लोकर," आपोल्स म्हणाला, "कातडीसकट."

आणि ते लोह, बाबा, तरुण मेलेल्या ताऱ्यांचं,
तुझ्या कातरीतलंसुद्धा...
"माझी कातर शेफील्डची,"
म्हणत त्यानं डबा उघडला. थंड मटण, पाव.

शेवटी नौतलातली.
पहिलं वेत बारा अब्ज वर्षांमागचं.
मग काही नाही. अब्जावधी वर्षं, काही नाही.
मग एक मोठं वेत. मग पुन्हा थोडी धुगधुग.
"मध्ये काय झालं?"
वायू होता, पण निवत नव्हता;
किंवा पहिल्यांनीच फुटून तो बाहेर लोटला
आणि परतायला वेळ लागला.
नक्की कुणालाच माहीत नाही.

मार्गरीट अडतीसची. तिचा भाऊ इवान सव्वीसचा.
आपोल्सनं पाव खाली ठेवला
आणि दोन वाकांमधल्या कोऱ्या जागेवर अंगठा टेकला.
लोकरीच्या तेलानं मऊ पडलेला अंगठा,
काचेवर ठसा उमटला.

"दोन," तो म्हणाला.
"नाव ठेवण्याइतके दिवस मिळाले नाहीत."

वर घुमट किंचित फिरला, आपल्या वेळेला फिरतो तसा.
तिनं नोंदवहीत वेळ लिहिली:
अकरा वाजून सात. आकाश निरभ्र.
काच पुसली नाही.