मजुरीचा रकाना

एकोणीस वर्षं मी आंब्यांना लाली दिली.
लाकडाच्या आंब्यांना.
बिरजे शेटच्या पडवीत, ऊन कलेल तसा
पाट सरकवत सरकवत.
डझनाला दीडशे. शनिवारी हिशेब.
डाग पडला तर त्या आंब्याचे कापून.

देठाशी हिरवा, पोटाला पिवळा,
आणि खांद्यावर, एकाच खांद्यावर,
जिकडून ऊन लागतं तिकडे, तांबूस.
हे शेटनं नाही शिकवलं.
आमच्या परसातल्या पायरीनं शिकवलं.

शेट गेला. पोरगा पुण्याला. पडवीला कुलूप.
वासू कातारी म्हणाला,
"माझो लेथ आसा. कोरी फळां मी देतंय.
रंगव तू. इक तू."
इक तू.
दोन शब्द, आणि रात्रभर झोप नाही.

बांद्याहून रंग आणले, रोखीनं.
ब्रश जुनाच, माझ्या बोटांना सरावलेला.
शर्वाणीनं वहीत चार रकाने आखले:
लाकूड, रंग, वीज, मजुरी.
तीन भरले भराभर.
चौथ्यापाशी पेन थांबलं.
"आई, एका आंब्याक किती वेळ?"
पाऊण तास, मी म्हटलं.
(मग आठवलं, वाळायचा धरलाच नाही.
मग आठवलं, भातासाठी मधे दोनदा उठले होते.)
"आणि तासाचे किती?"

तासाचे किती.
नारळ पाडणारा झाडाला हात लावायच्या आधी सांगतो,
आणि वर चढताना मागे वळून बघतसुद्धा नाही.
मासळीवालीला तर विचारायलाही लागत नाही.
माझीच जीभ टाळ्याला चिकटलेली.

आरोंद्याच्या धक्क्याजवळ टेबल मांडलं.
तिसऱ्या दिवशी रेडीच्या हॉटेलातली एक बाई आली,
गॉगल डोक्यावर.
आंबा उचलला, नाकाला लावला.
खरंच नाकाला लावला!
"कितीला?"
शर्वाणी माझ्याकडे बघतेय. वासू खाडीकडे.
मी म्हटलं, तीनशे.
म्हटलं, आणि आभाळ कोसळायची वाट बघत राहिले.
"अडीचशेला द्या ना, सहा घेते."
शनिवारची सवय. मान हलायला निघालीच होती,
तिला मी मानेतच धरलं.
"तीनशेच," म्हटलं. "पिशवी देईन."

चार घेतले तिनं.
उरलेले दोन परत टोपलीत ठेवताना वाईट वाटलं,
खोटं कशाला बोलू.
संध्याकाळी वासूचे वेगळे काढले, रंगाचे काढले,
मीटरसाठी डब्यात टाकले.
राहिलं ते काही फार नव्हतं.
बांगडे घेतले तर अर्धं संपणार.
बांगडे घेतले.

जेवणं झाल्यावर ते दोन आंबे उलटे केले.
बुडाला, जिथं शेटचा स्टिकर असायचा,
बारीक ब्रशनं लिहिलं:
सत्यवती च्यारी.
जागा पुरेना. शेवटची वेलांटी
वळून आंब्याच्या पोटावर चढली.
पुसायला फडकं उचललं होतं.
मग राहू दिली.