संवेदनशीलता बासष्ट

थंडर बे, फेब्रुवारी, उणे सव्वीस.
इंजिन बंद. चालू ठेवलं तर धूर चहाडी करतो
की आत कुणी बसलंय.
मागच्या सीटवर मी, दोन ब्लँकेटं, थर्मास,
आणि जिच्याबद्दल लोक कधी विचारत नाहीत
ती रुंद तोंडाची बरणी.

डोळ्यांत तेल घालून बसायचं, हाच धंदा तेवीस वर्षं.
पण या थंडीत तेलही गोठतं,
आणि पहाटे तीनला दार दिसतं तसंच दिसत राहतं,
ते उघडून मिटून गेलं तरी.

आता काचेला चिकटवलेला हा डबा,
काड्यापेटीएवढा.
फोनवर मी बोटानं चौकोन काढते:
दार, तीन पायऱ्या, पोस्टाची पेटी.
चौकोनाबाहेर जग पेटलं तरी त्याला सोयरसुतक नाही.
आत काही हललं, की माझ्या छातीवर ठेवलेला फोन थरथरतो.
तोवर मी डोळे मिटायचे.
एवढं सुख मला पन्नाशीनंतर मिळालं.

नऊ दहा: मांजर.
नऊ चाळीस: तेच मांजर, उलट दिशेनं.
अकराला बर्फ लोटणारी गाडी, तिच्या पिवळ्या दिव्यानं
पायऱ्यासुद्धा हलल्या.
बारा सहा, बारा सात, बारा आठ: कुणाची तरी प्लास्टिकची पिशवी.
मी संवेदनशीलता सत्तरवरून बासष्टवर आणली.
पिशवी गप्प झाली.

घर वेइको लाहतिनेनचं.
कागदगिरणीत रोल सुटला, पाठ गेली, असं तो म्हणतो.
विमा कंपनीला फार नकोय.
वीस सेकंद. वाकताना. मिठाची गोणी उचलताना.
ग्लेनिस म्हणाली, माणूस एकटा असला की विसरतो गं,
कुठे दुखतंय ते.

चार वीसला पोटरीत गोळा आला म्हणून मी जागी.
फोन गप्प.
आणि पायरीवर तो.

दार कधी उघडलं कळलं नाही.
हात कठड्यावर. एक पाय खाली,
मग थांबणं,
मग दुसरा पाय त्याच पायरीवर, पहिल्याशेजारी,
जणू दोघांनी मिळून ठरवायचंय.
मी फोनकडे पाहिलं. फोन गप्प.
यंत्राचं साधं गणित: मागचं चित्र, पुढचं चित्र, मधला फरक.
फरक पुरेसा नसेल तर माणूस
भिंतीत मुरतो, बर्फात मुरतो,
ते त्याला आधीपासून असलेलं काहीतरी समजतं.

दुसऱ्या पायरीवर त्यानं खिशातून दोरी काढली.
दोरीला सार्डिनचा रिकामा डबा, आत काहीबाही.
न वाकता, विहिरीत पोहरा सोडावा तसा
त्यानं तो खाली सोडला. तळहात तळहातानं.
डबा टेकला. तो तसाच उभा.

अकरा मिनिटं झाली होती, माझ्या मनगटावरच्या घड्याळात.
मीही हलले नव्हते. गोळ्यासकट.
कुणी माझ्यावर यंत्र लावलं असतं
तर गाडी रिकामी निघाली असती.

मग मांजर आलं, आणि फोन थरथरला.

चित्रफीत तिथून सुरू होते. चौदा सेकंद.
मांजर खातंय. वर एक माणूस उभा,
नीट, ताठ, आधाराशिवाय, असं वाटावं असा,
कारण कठड्यावरचा हात नेमका खांबामागे.
मध्ये दोरी. ती दिसायला मोठी करून पाहावी लागते.

ग्लेनिसचा सकाळी निरोप: उभा आहे ना? छान. पाठव.

मी पाठवली. पाठवावीच लागते.
खाली, यंत्रानं शेरा मांडला होता "प्राणी, छोटा",
त्याच्याखाली मी टंकलं:
चार वीस ते चार एकतीस, दोन पायऱ्या.
पुसलं. परत टंकलं.
पुरावा या रकान्यात विचारलं होतं, स्रोत?
लिहिलं: डोळे.
अर्ज ते घेईना. पर्यायांत तो नव्हताच.