सिक्स-जी

पंचेचाळीस अंशांत कललेला पाइप.
तो फिरवायचा नाही. आपणच फिरायचं त्याच्याभोवती,
वरून उभ्यानं, बाजूनं उकिडवं,
खालून पाठीवर झोपून.
रुवैसच्या टेस्ट-शेडमध्ये त्या दिवशी बेचाळीस जण होतो.
नंतर जोडाच्या पट्ट्या कापतात,
प्रेसखाली घालून नालासारख्या वाकवतात
आणि सगळे कान देऊन उभे राहतात.
चीर पडली तर आवाज येतोच असं नाही.

माझी पट्टी वाकली, तुटली नाही.
इस्माईल हुसेन होडेकर, नववी नापास, मुक्काम दाभोळ,
यांना फोटोसकट कार्ड मिळालं.
मुदत सहा महिने.

लोकांच्या पदव्या भिंतीवर पिवळ्या पडतात, पण संपत नाहीत.
माझी दुधाच्या पिशवीसारखी, तारीख बघून वापरायची.
सहा महिने आर्क पेटवला नाही
की मी पुन्हा दापोलीला, अंकुशभाऊच्या दुकानात
खिडक्यांचे गज जोडणारा पोरगा.

अंकुशभाऊनं शिकवलं ते एवढंच:
ठिणगी बघतात ते बघे. तू डबकं बघ.
वितळलेल्या लोखंडाचं डबकं, वाटाण्याएवढं,
त्याच्या पुढच्या काठावर डोळा ठेव.
आणि श्वास?
श्वास नंतर घे.

गुल जमीन, फिटर, स्वातचा.
अडीच मिलिमीटरची फट तो आधी नखानं मोजतो, मग गेजनं.
गेज बहुतेक वेळा त्याचं ऐकते.
दोन्ही तोंडं टेपनं बुजवून तो आत आर्गन सोडतो,
मी काच खाली ओढतो.
बाहेर अठ्ठेचाळीस डिग्री, गंधकाचा वास, कुणीतरी कुणाला तरी शिव्या देतंय.
आत फक्त वाटाणा.

पगार सांगू? सांगतो, चोरीचा थोडाच आहे.
शटडाउनच्या महिन्यात, ओव्हरटाइम धरून,
ज्यांच्या सहीनं माझा जोड पास होतो
त्या निमकरसाहेबांपेक्षा जास्त.
त्यांना ठाऊक आहे. मलाही.
चहा तेच पाजतात.

रात्री एकला भोंगा होतो, पिवळी फीत लागते.
जोडाचा एक्स-रे निघताना जोडणाऱ्यालाही मनाई.
मी फितीच्या अलीकडे वाळूत उभा.
दोन्ही पोरींच्या वेळी दवाखान्याबाहेर उभं राहायला
रजा मिळाली नव्हती.
तसं उभं राहणं मी इथं शिकलो.

सकाळी निमकर फिल्म दिव्यावर धरतात.
तिळाएवढा एखादा ठिपका चालतो, ठिपक्यांची रांग चालत नाही.
"क्लीन," म्हणतात.
दोन वर्षांतून एकदा, व्हिसासाठी,
पांढऱ्या कोटातला एक माणूस
माझ्या छातीची फिल्म अशीच दिव्यावर धरतो.
तोही हाच शब्द वापरतो.
तोवर मी श्वास घेत नाही.

गेल्या जुम्म्याला बहिणीच्या मुलाचा फोन. मुदस्सर.
बी.ई. मेकॅनिकल. निकालाच्या पेढ्यांचे पैसे मीच पाठवले होते,
कँपात सगळ्यांना दाखवला होता त्याचा झग्यातला फोटो.
"मामू, हेल्परचा व्हिसा असला तरी चालेल."

मी बोललो नाही.
त्याच्याकडचा पंखा मला ऐकू येत होता,
माझ्याकडचा एसी त्याला.

मग विचारलं,
"मागच्या पडवीत तो बोअरचा जुना पाइप आहे अजून?"
"आहे."
"कापून घे. तिरका बांध.
अंकुशभाऊकडे मशीन माग, माझं नाव सांग,
तो आधी शिव्या देईल, त्या खा.
हाताला घाई करू नकोस.
आणि फोटो पाठव.
वरून गुळगुळीत दिसतो तो नको.
आतल्या बाजूचा."